जुन्या ग्राफिक्स कार्डांना अजून किती काम आहे?

२०११च्या डिसेंबरात एएमडी कंपनीने ‘रेडिऑन एचडी ७९७०’ हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केले. त्यानंतर जवळपास अकरा वर्षांनी एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ४०९०’ आले. ३२ बिटांच्या आकडेमोडीत या दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही. जुन्याची कमाल मजल सेकंदाला ३.८ लाख कोटी क्रियांची, नव्याची ८२ लाख कोटींच्या वर. पण तीच आकडेमोड दुप्पट अचूकतेने, म्हणजे ६४ बिटांच्या आकड्यांवर करायला सांगा. जुने कार्ड सेकंदाला सुमारे ९५ हजार कोटी क्रिया करते आणि नवे १ लाख २९ हजार कोटी. अकरा वर्षे आणि किमतीतली मोठी वाढ, आणि फरक दीडपटसुद्धा नाही. मध्यम किमतीचे ‘आरटीएक्स ४०६०’ घेतले तर या कामात ते २०११च्या कार्डापुढे चौपट मागे पडते.

कपाटात पडलेले, मुलाने गेमसाठी नवे घेतल्यावर बाजूला काढलेले, किंवा कुणी स्वस्तात विकायला काढलेले जुने कार्ड विज्ञानाच्या कामाला लावता येईल का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, त्याचे पहिले कारण हे आकडे. कार्डाच्या वयावरून फारसे काही कळत नाही. कोणते गणित सोडवायचे आहे, ते कोणाला हवे आहे आणि वीज कोणाच्या खिशातून जाते, हे आधी विचारावे लागते.

घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ गोळा करून मोठे गणित सोडवण्याची कल्पना तशी जुनी. मर्सेन मूळ संख्या शोधणारा ‘गिम्प्स’ हा उपक्रम १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केला. मे १९९९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ‘सेटी@होम’ आला. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहवासीयांचा संदेश शोधायचा, या कल्पनेने लाखो लोक त्यात ओढले गेले. २००० साली स्टॅनफर्डमधून विजय पांडे यांनी प्रथिनांच्या घड्या अभ्यासणारे ‘फोल्डिंग@होम’ सुरू केले. पुढे सेटीच्याच मंडळींनी डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली ‘बोइंक’ हे सामाईक सॉफ्टवेअर घडवले. त्यामुळे एकच प्रोग्रॅम संगणकावर टाकून हव्या त्या प्रकल्पाला हातभार लावता येऊ लागला.

या सगळ्यात ग्राफिक्स कार्ड आले ते ऑक्टोबर २००६ मध्ये. फोल्डिंग@होमने तेव्हाच्या एटीआय कंपनीच्या ‘एक्स १९००’ मालिकेसाठी चाचणी आवृत्ती काढली. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग एकाच वेळी ठरवण्यासाठी बनलेली ही चीप हजारो अणूंमधले परस्परबलही एकाच वेळी मोजू शकते, हे तेव्हा अनेकांना नवल वाटले होते. नंतर एनव्हिडियाने कार्डांवर आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी ‘कूडा’ आणले, २००८च्या अखेरीस बोइंकमध्येही कार्डांना प्रवेश मिळाला, आणि पाहता पाहता प्रोसेसरवर काम करणारा स्वयंसेवक हा सामान्य शिपाई ठरला.

कार्डांच्या अचूकतेचे प्रकरण जरा तपशिलात पाहिले पाहिजे. गेममध्ये सावली पडायला ६४ बिटांची गरज नसते. ज्यांना ती असते, त्या संशोधन संस्था आणि कंपन्या महागडी व्यावसायिक कार्डे विकत घेऊ शकतात. म्हणून उत्पादकांनी घरगुती कार्डांतली ही ताकद पद्धतशीरपणे छाटत नेली. एचडी ७९७०मध्ये ६४ बिटांचा वेग ३२ बिटांच्या एकचतुर्थांश होता, २०१३च्या ‘जीटीएक्स टायटन’मध्ये एकतृतीयांश. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीत तो बत्तिसावा हिस्सा होता आणि अलीकडच्या आरटीएक्स कार्डांत चौसष्टावा. मध्येच २०१९ मध्ये एएमडीने ‘रेडिऑन ७’ काढले. त्याचा ६४ बिटांचा वेग सेकंदाला ३.३६ लाख कोटी क्रियांचा, म्हणजे राजेशाही आरटीएक्स ४०९०च्या अडीचपटींहून अधिक. बाजारात ते फार टिकले नाही. मूळ संख्या शोधणाऱ्यांच्या वर्तुळात मात्र त्याचे नाव अजून आदराने घेतले जाते, कारण प्रचंड संख्यांचे वर्ग करताना ६४ बिटांची अचूकता आणि स्मृतीचा वेग दोन्ही लागतात, आणि त्या कार्डाकडे दोन्ही होते.

या गुणावर जगलेल्या जुन्या कार्डांची सगळ्यात बोलकी गोष्ट ‘मिल्कीवे@होम’ची. न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटचा हा प्रकल्प आपल्या आकाशगंगेभोवतीच्या ताऱ्यांचे प्रवाह शोधतो. गुरुत्वाकर्षणाने फाटलेल्या लहान दीर्घिकांचे ते अवशेष. त्यांचा आकार ठरवणाऱ्या ‘सेपरेशन’ या कामाला ६४ बिटांची आकडेमोड अनिवार्य होती. त्यामुळे एचडी ७९७० आणि त्याच चीपवर बनलेले ‘आर९ २८०एक्स’ ही कार्डे इथे दहा-दहा वर्षे मानाने वावरली. गेम खेळणाऱ्यांनी केव्हाच टाकून दिलेल्या कार्डांना या एका प्रकल्पापायी किंमत होती. मग जून २०२३ मध्ये सेपरेशनचे काम आटोपले. प्रकल्प चालू राहिला, पण उरलेले काम प्रोसेसरवर चालणारे. कार्डे जशीच्या तशी होती, एका रात्रीत त्यांचे गिऱ्हाईक गेले. प्रकल्पाने काही चूक केली असे नव्हे. प्रश्न सुटला की काम थांबणारच. मार्च २०२० अखेर सेटी@होमनेही नवे काम वाटणे बंद केले, तेव्हा कित्येकांनी केवळ त्यासाठी जमवलेली यंत्रे अशीच बेकार झाली.

मग आज जुन्या कार्डाने जावे कुठे? इथे मला प्रकल्पांमधला एक भेद महत्त्वाचा वाटतो. केलेल्या कामाबद्दल कोणत्या कार्डाला किती गुण मिळतात याच्या याद्या सगळे पाहतात, या भेदाकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. काही प्रश्न सुट्या तुकड्यांचे असतात, काही साखळीचे.

फोल्डिंग@होमचा प्रश्न साखळीचा. प्रथिनाची हालचाल काळाच्या अतिसूक्ष्म टप्प्यांनी पुढे सरकते. एका स्वयंसेवकाने एक टप्पा पुरा करून परत धाडला की तिथून पुढचा टप्पा तयार होतो आणि दुसऱ्या कुणाकडे जातो. जुन्या काळी टपालाची पिशवी एका हरकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाई, तसाच हा प्रकार. मधला एक जण रेंगाळला की त्याच्यापुढचे सगळे खोळंबतात. म्हणूनच तिथे काम लवकर परत करणाऱ्याला वाढीव गुण देण्याची पद्धत आहे, आणि त्या वाढीचे सूत्र असे की निम्म्या वेगाच्या कार्डाला निम्म्याहून बरेच कमी गुण मिळतात. जुन्या कार्डांचे मालक यावर नाराज असतात. मला ती पद्धत रास्त वाटते. गुणांचे कोष्टक तिथे खरोखरच विज्ञानाची गरज सांगते. २०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या विषाणूतील प्रथिनांवर काम सुरू झाले तेव्हा इतके लोक धावून आले की वाटायला काम पुरेना. त्या महिन्याच्या अखेरीस प्रकल्पाची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला दहा लाख लाख कोटी क्रियांच्या पलीकडे गेली. तेव्हाही कमतरता होती ती सर्व्हरची आणि तयार कामाची, कार्डांची नव्हे. बार्सिलोनाचा ‘जीपीयूग्रिड’ही रेणूंच्या हालचालींचा, आणि तोही तुलनेने नव्या, वेगवान कार्डांकडे झुकलेला.

‘आइन्स्टाइन@होम’चा प्रश्न सुट्या तुकड्यांचा. २००५ साली, भौतिकशास्त्राच्या जागतिक वर्षात, ब्रूस अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकल्प सुरू केला. जर्मनीतल्या हॅनोव्हरची माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतले विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ हे त्याचे दोन आधार. लायगो वेधशाळांच्या नोंदींत सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणे हे मूळ उद्दिष्ट. दोन कृष्णविवरांच्या टकरीचा क्षणिक स्पंद २०१५ मध्ये सापडला, पण फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यातून अखंड येणारी बारीक लहर अजून कुणालाच सापडलेली नाही. वाटेत या प्रकल्पाने पल्सार, म्हणजे स्पंद धाडणारे असेच फिरते तारे, मात्र भरपूर शोधले. पहिला २०१० मध्ये, अरेसिबोच्या नोंदींतून, अमेरिकेतल्या आयोवाच्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइंझच्या एका गृहस्थाच्या संगणकांनी. २०२० मध्ये जाहीर झालेला ‘पीएसआर जे१६५३-०१५८’ तर थेट ग्राफिक्स कार्डांच्या खात्यावर जमा आहे. फर्मी उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरणांतून तो सापडला. सेकंदाला ५०८ वेळा गरगरणारा हा तारा, आणि त्याच्याभोवती अवघ्या ७५ मिनिटांत फेरी मारणारा त्याचा हलकासा सोबती. या दोघांच्या सगळ्या शक्य कक्षा पडताळून पाहायला प्रोसेसर पुरे पडले नसते.

या कामात आकाशाचा एक तुकडा किंवा वारंवारतेचा एक पट्टा दुसऱ्यावर अवलंबून नसतो. मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. एखाद्याच्या कार्डाने तो तुकडा वीस मिनिटांत सोडवला काय किंवा तीन तासांत, मुदतीत आला म्हणजे झाले. ‘प्राइमग्रिड’मध्ये, म्हणजे मूळ संख्यांच्या शोधातही, बऱ्याच उपप्रकल्पांना हेच लागू. जुन्या कार्डाचे हक्काचे घर अशा ठिकाणी आहे. आइन्स्टाइन@होमबद्दल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी: लायगोचा भारतीय शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतो आहे, केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि पुण्याची ‘आयुका’ त्यातली एक प्रमुख संस्था आहे. गुरुत्वीय लहरींच्या नोंदींतून गोंगाट बाजूला काढण्याच्या गणितात तर आयुकाचे संजीव धुरंधर यांचे काम कितीतरी आधीचे.

गिम्प्सची हल्लीची कथा मात्र घरगुती स्वयंसेवकाला थोडी खट्टू करणारी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची नवी मूळ संख्या सापडली. ती सापडली डब्लिनमधल्या एका डेटा सेंटरमधल्या एनव्हिडिया ए१०० वर. शोधकर्ता स्वयंसेवकच, पण त्याने १७ देशांतली भाड्याची व्यावसायिक कार्डे कामाला लावली होती. त्याआधी अठ्ठावीस वर्षे हा मान घरातल्या आणि कचेरीतल्या साध्या संगणकांकडे होता.

कार्डाला काम मिळाले तरी ते चालवणारे सॉफ्टवेअर हवे, आणि माझ्या मते जुनी कार्डे मरतात ती इथेच. पंखा बदलता येतो, उष्णतावाहक पेस्ट नवी लावता येते. कंपनीने सोडून दिलेला ड्रायव्हर घरी बसून लिहिता येत नाही. एनव्हिडियाने कार्डांच्या फर्मी पिढीला २०१८ मध्ये, केपलरला २०२१ मध्ये नव्या ड्रायव्हरांतून वगळले. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ‘जीटीएक्स ७५० टीआय’पासून ‘१०८० टीआय’पर्यंतची भारतात घरोघर गेलेली कार्डे, यांना २०२५च्या ऑक्टोबरात शेवटचा नियमित ड्रायव्हर मिळाला. सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत येत राहतील, पण कूडाच्या तेराव्या आवृत्तीने ही कार्डे आधीच गाळली आहेत. प्रकल्प चालवणारे दोन-तीन संशोधक असतात. नव्या आवृत्तीकडे जाताना जुन्या कार्डांसाठी वेगळा प्रोग्रॅम सांभाळत बसायला त्यांना सवड नसते. एएमडीने एचडी ७००० पासून आर९ फ्युरीपर्यंतच्या कार्डांना जून २०२१ मध्ये निरोप दिला. लिनक्सवर मुक्त ड्रायव्हरांमुळे ही कार्डे पडद्यापुरती दीर्घायुषी ठरली आहेत. आकडेमोडीसाठी लागणाऱ्या ओपनसीएलची तिथली अवस्था सुधारते आहे, पण नवख्या माणसाने एका संध्याकाळी उरकावे असे ते काम नव्हे.

आता वीज. या विषयावरच्या उत्साही लिखाणात ती शेवटच्या परिच्छेदात येते, घरात मात्र ती सगळ्यात आधी येते.

एचडी ७९७०ची कमाल भूक २५० वॅटची. चोवीस तास पुऱ्या ताकदीने चालवले तर एकट्या कार्डाला दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०. बाकीचा संगणक वेगळा. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे ही १८० युनिट घरच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर, वरच्या दराने बसतात. हिशेबासाठी युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला २,१६० रुपये होतात. आरटीएक्स ४०६० ची भूक ११५ वॅट, महिन्याला सुमारे ८३ युनिट, म्हणजे हजार रुपयांच्या आत, आणि ३२ बिटांच्या कामात वेग चौपट. दोन्हींतला विजेचा फरक महिन्याला साडेअकराशे रुपयांच्या पुढचा. तीस हजारांचे नवे कार्ड घेतले तर सव्वादोन वर्षांत ते वाचलेल्या विजेतच फिटते. ‘फुकट पडलेले’ कार्ड फुकट नसते ते असे. पर्यावरणाचा युक्तिवादही इथे उलटा फिरतो. नवे कार्ड घडवताना कार्बन उत्सर्जन होते हे खरे, पण आपल्याकडच्या विजेचा मोठा भाग कोळशाचा, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षभर अखंड चाललेले २५० वॅटचे कार्ड दीड टन ओकते. जपून वापरलेल्या वस्तूचा अभिमान इतक्या धुरापुढे टिकत नाही.

युरोप-कॅनडातले स्वयंसेवक यावर एक उत्तर देतात: हिवाळ्यात खोली तापवायचीच असते, हीटरऐवजी कार्ड लावले की गणित फुकटात होते. साध्या विजेच्या हीटरशी तुलना केली तर हे तंतोतंत खरे आहे, कारण कार्डात गेलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जिथे हीट पंप आला आहे तिथे मात्र हा दावा लंगडा पडतो. तो एका युनिटमध्ये तिप्पट उष्णता आणतो. आणि मे महिन्यातल्या नागपुरात तर हा सगळा प्रकार उफराटा. तिथे कार्डाने ओतलेली उष्णता बाहेर फेकायला एसीची वेगळी वीज. छतावर सौरपट्ट्या असलेल्यांची गोष्ट निराळी. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना मिळणारा दर विकत घेतलेल्या युनिटपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे भर दुपारच्या उरल्या विजेवर एखादे पास्कल कार्ड चालवणे हा मला भारतात तरी सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

भूक कमीही करता येते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ किंवा ‘आफ्टरबर्नर’सारख्या साधनाने कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणली तर वेग त्याच प्रमाणात घटत नाही, बऱ्याचदा दहा-पंधरा टक्केच घटतो. कारण शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज अतोनात वाढवलेले असते. पंखा शांत होतो, आयुष्यही वाढते. हा उपाय नव्या-जुन्या बहुतेक कार्डांना लागू. लॅपटॉपला मात्र या फंदात पाडू नये. त्याची थंड होण्याची सोय अखंड ओझ्यासाठी नसते.

जुन्या बाजारातल्या मालाबद्दलही दोन शब्द. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि जगभरची लाखो कार्डे विक्रीला आली. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत ‘आरएक्स ५८०’ची रेलचेल झाली ती याच सुमारास. खाणीतले कार्ड वाईटच असते हा समज अर्धा खरा. चीप सहसा शाबूत असते, पंखे झिजलेले आणि स्मृतीची चीप भाजून निघालेली असू शकते. गेममध्ये स्मृतीचा एखादा बिट चुकला तर पडद्यावर ठिपका चमकून जातो. गणितात तो चुकीचे उत्तर देतो. बोइंकचे बरेच प्रकल्प यासाठी एकच काम दोघांकडे धाडतात आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. मूळ संख्यांच्या शोधात हंगेरीच्या रॉबर्ट गेर्बित्झ यांनी २०१७ मध्ये सुचवलेली तपासणी तर चालू गणितातच चूक पकडते आणि मागच्या बरोबर टप्प्यावर परत नेते. डळमळीत कार्डामुळे विज्ञान बिघडत नाही, मालकाची वीज तेवढी वाया जाते.

गुणांच्या शर्यतीबद्दल मात्र माझे मत कडू आहे. संघ, पदतालिका, मानचिन्हे यांनी लोक टिकून राहतात हे मान्य. पण त्यापायी घरात पाच-पाच म्हातारी कार्डे चोवीस तास तापवणारे लोक विज्ञानाला जेवढे देतात, त्याहून अधिक त्याच विजेच्या पैशात एका नव्या, कमी भुकेच्या कार्डाने दिले असते.

तेव्हा निवाडा असा. एचडी ७९७०पेक्षा जुने कार्ड कुठल्याही प्रकल्पासाठी चालवू नये. ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावे. एचडी ७९७० आणि त्याच्या भावंडांचा काळ मिल्कीवेचे काम संपले तेव्हाच संपला. हौशी गणितज्ञाने ६४ बिटांच्या एखाद्या कामासाठी ती हिवाळ्यात चालवली तर चालवावीत. २०१४ ते २०१९ मधली, १५० वॅटच्या आतली कार्डे, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० या पंक्तीतली, अजून दोन-तीन वर्षे आइन्स्टाइन@होम किंवा प्राइमग्रिडसाठी उपयोगी आहेत. फोल्डिंग@होमला मात्र तुमच्याकडचे सगळ्यात नवे कार्ड द्या. रेडिऑन ७ कुणाकडे असेल तर ते विकू नका.

१५० वॅटच्या आतले असे कार्ड घरात असेल तर बोइंक टाका, वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणा, दिवसाचे ठरावीक तासच ते चालेल अशी व्यवस्था करा, आणि पहिल्या महिन्याचे वीजबिल हातात आल्यावर घरच्यांना विचारून पुढचे ठरवा.